नोकरी सोडून मसाल्याच्या धंद्यात: राजीनाम्याची तारीख कशी ठरवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४१, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी, सध्याच्या कंपनीत ४ वर्षं ४ महिने झाली. नोटीस पिरियड ९० दिवसांचा. पत्नी खाजगी शाळेत शिक्षिका, पगार ३५ हजार. घराचा हप्ता चालू आहे, वडिलांना मधुमेह आहे. घरी केलेलं लाल तिखट आणि गोडा मसाला सोसायटीत आणि ऑफिसात लोक मागून नेतात. १५ लाख रुपये बाजूला आहेत. दिवाळी झाली की नोव्हेंबरात राजीनामा द्यावा का?

या नोव्हेंबरात देऊ नका. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात द्या, आणि या सप्टेंबरापासूनचे मधले तेरा महिने धंद्याचेच आहेत असं समजून वापरा. ही तारीख हवेतून काढलेली नाही. ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम), मिरचीचा हंगाम, वडिलांचा विमा आणि परत येणारं गिऱ्हाईक या चार गोष्टी एकत्र मांडल्या की तीच निघते.

आधी सगळ्यात सोपी गोष्ट. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात आणि ती मोजली जातात नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत, राजीनाम्याच्या तारखेपर्यंत नाही. नोव्हेंबरात राजीनामा दिला तर फेब्रुवारीत बाहेर पडाल, तेव्हा ४ वर्षं ९ महिने होतील. चार वर्षं २४० दिवसांवर ग्रॅच्युइटी मिळाल्याचे न्यायालयीन निकाल आहेत, पण त्यासाठी कंपनीशी पत्रव्यवहार आणि वेळ पडली तर तक्रार करावी लागते. धंदा उभा करताना ती कटकट मागे लावून घेऊ नका. पुढच्या ऑक्टोबरात राजीनामा दिला तर जानेवारीत ५ वर्षं ८ महिने भरतात, आणि सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणजे हिशेब ६ वर्षांचा. वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो आणि महिना २६ दिवसांचा धरतात. मूळ पगार ५०,००० असेल तर ५०,००० × १५ ÷ २६ × ६ म्हणजे सुमारे १ लाख ७३ हजार. जवळजवळ पाऊण टन मिरचीचे पैसे झाले.

आता १५ लाखांकडे येऊ. बहुतेक जण हा आकडा धंद्याचं भांडवल समजतात आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. घराचे पैसे आणि धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यांत, वेगळ्या बँकांत ठेवा. घराचा हिशेब अंदाजाने करू नका, मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट उघडून करा, कारण वर्षातून एकदाच येणारे खर्च डोक्यात राहत नाहीत: गाडीचा विमा, शाळेची प्रवेश फी, सोसायटीचा रंगकामाचा वाटा, लग्नकार्यं. समजा हप्ता ४२ हजार, किराणा-भाजी-वीज-मेंटेनन्स २८ हजार, शाळा १२ हजार, औषधं ६ हजार आणि वार्षिक खर्चाचा बारावा हिस्सा ७ हजार, तर महिन्याला ९५ हजार. पत्नीचे ३५ वजा केले की खड्डा ६० हजारांचा. तो अठरा महिने भरायचा तर १० लाख ८० हजार लागतात. अठराच का, तर मसाल्याच्या धंद्यात खरेदीचा हंगाम वर्षातून एकदा येतो आणि पहिल्या हंगामात चुका होणारच. दुसऱ्या हंगामाची खरेदी होऊन तो माल विकला जाईपर्यंत घर चाललं पाहिजे. म्हणजे १५ लाखांतले धंद्याला उरले चार लाख वीस हजार. तेवढ्यात हा धंदा घाईगडबडीत सुरू होतो आणि उधारीत अडकतो. तेरा महिन्यांच्या पगारातून आणखी तीन-चार लाख टाकता आले तर जमिनीवर पाय राहतील.

हे आकडे कुठून येतात ते एका पाकिटावर पाहा. भाव दरवर्षी बदलतात, रीत तीच राहते. समजा देठासकट बेडगी आणि गुंटूर मिसळून १० किलो मिरची २२० रुपये भावाने घेतली: २,२०० रुपये. देठ काढणं १२० रुपये, कांडप किलोला ४० प्रमाणे ४००, हमाली-वाहतूक ८०. एकूण २,८००. पण हातात १० किलो तिखट येत नाही. देठ जातात, उन्हात ओल जाते, कांडपात थोडं उडतं आणि यंत्रात चिकटतं. साधारण साडेआठ किलो मिळतं. म्हणजे किलोला ३२९ रुपये. घरगुती हिशेबात लोक २,८०० ला १० ने भागतात आणि किलोमागे जवळजवळ ५० रुपये तिथेच हरवतात. पुढे २०० ग्रॅमचं पाकीट, लेबल आणि खोक्याचा वाटा मिळून ९ रुपये धरा. एक पाकीट पडलं ७५ रुपयांना.

छापील किंमत १२० ठेवली. किराणा दुकानदाराला २० टक्के दिले तर त्याला माल ९६ ला गेला. मध्ये वितरक आला, तो आपल्या खरेदीवर ८ टक्के चढवतो. तुमचा भाव ८८ रुपये ८९ पैसे. त्यातून ५ टक्के जीएसटी काढला की ८४ रुपये ६६ पैसे. पाकिटामागे उरले साडेनऊ-पावणेदहा रुपये, आणि त्यातून जागेचं भाडं, मजुरी, नमुने आणि परत आलेला माल अजून द्यायचाच आहे. तेच पाकीट थेट गिऱ्हाइकाला १२० ला दिलं तर कर वजा जाता ३९ रुपये उरतात. (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट इथे धरलेली नाही.) घराचा ६० हजारांचा खड्डा भरायला थेट विक्रीत महिन्याला सुमारे १,५३० पाकिटं, म्हणजे ३०५ किलो लागतात. वितरकामार्फत ६,२००, म्हणजे साडेबाराशे किलो. म्हणून पहिल्या दोन वर्षांत दुकानात माल ठेवण्यामागे धावू नका. दुकानातल्या फळीवर आपलं नाव पाहून छाती भरून येते हे खरं, पण तिथे पैसे तीस दिवसांनी येतात आणि न खपलेलं पाकीट परत येतं. थेट विक्री, सोसायट्या, खानावळी, डबे देणाऱ्या बायका, पोळी-भाजी केंद्रं, इथून सुरुवात करा.

महिना ३०० किलो तिखटाला साडेतीनशे किलो मिरची. चार महिन्यांची बेगमी करायची तर १,४०० किलो, म्हणजे ३ लाख १० हजार रुपये, आणि नव्या माणसाला बाजारात उधार मिळत नाही. मिरचीची मोठी आवक साधारण जानेवारी ते एप्रिल, आणि वर्षाचं तिखट-मसाला करून ठेवणारी घरं मार्च ते मे खरेदी करतात. म्हणजे खरेदी आणि विक्री दोन्ही एकाच वेळी पैसा मागतात. जानेवारीअखेर मोकळं होणं म्हणूनच महत्त्वाचं. जूनमध्ये नोकरी सोडणारा पावसाळ्यात महाग, ओलसर माल घेऊन सुरुवात करतो.

ओलीबद्दल नीट समजून घ्या, कारण या धंद्यात सगळ्यात जास्त माल तिच्यामुळे जातो. वजन वाढावं म्हणून मिरचीवर पाणी मारलेलं असतं. मूठभर मिरची घट्ट आवळून सोडा: कोरडी असेल तर कडकडते आणि मोडते, ओली असेल तर चामड्यासारखी वाकते. पोत्याच्या तोंडाची पाहू नका, मधली काढायला सांगा. एखादी उभी फोडून आत बघा, बियांवर करडी-काळी बुरशी असेल तर ते पोतं भाव कितीही कमी असला तरी सोडा. दळल्यावर बुरशी दिसत नाही पण प्रयोगशाळेत दिसते. तिखटातली ओल ११ टक्क्यांच्या आत हवी, नाहीतर पाकिटात गठ्ठे होतात आणि रंग उतरतो. जोरात फिरणाऱ्या चक्कीत मिरची तापते आणि तिखट काळपट पडतं. डंकीत, म्हणजे यंत्रावरच्या मुसळात, कांडप सावकाश होतं पण रंग आणि वास टिकतो. कांडून आणलेलं गरम तिखट लगेच पाकिटात भरू नका. ताटात पसरून पूर्ण गार झालं की भरा, नाहीतर आतल्या बाजूला वाफ धरते.

पहिलं वर्ष स्वतःचं यंत्र घेऊ नका. परवाना असलेल्या कांडप केंद्रातून काम करून आणा. यंत्रात अडकलेला पैसा मिरचीत असता तर तो वर्षात दोन-तीनदा फिरला असता. छापील पाकिटांचंही तसंच. रंगागणिक छपाईच्या सिलिंडरचा (साच्याचा) खर्च येतो आणि किमान ऑर्डर मोठी असते, मग पत्ता किंवा किंमत बदलली की हजारो पाकिटं रद्दी होतात. साधं झिपवालं पाकीट आणि चांगला स्टिकर पुरे.

आता तेरा महिन्यांतलं खरं काम: गिऱ्हाईक परत येतं का ते मोजणं. ऑफिसातल्या लोकांना यात धरू नका. ते चांगले आहेत, पण ते तुमच्या टेबलाचं गिऱ्हाईक आहेत. तुम्ही कंपनी सोडली की त्यांच्यापर्यंत माल पोचवणं महाग पडतं आणि दोन महिन्यांत ते जवळच्या दुकानातून घेऊ लागतात. ओळखीच्या बाहेरची चाळीस घरं शोधा, पूर्ण किमतीत, सवलत न देता विका आणि वहीत तारीख लिहा. २०० ग्रॅम तिखट चौघांच्या घरात महिनाभर पुरतं. साठ दिवसांत तुम्ही फोन न करता स्वतःहून परत मागवणारी घरं मोजा. पंधरा-सोळाच्या वर गेली तर धंदा आहे. सात-आठवर थांबली तर चव, तिखटपणा किंवा किंमत यातलं एक चुकतंय. ते सुधारून पुन्हा नवी चाळीस घरं घ्या. हे दोनदा करायला तेरा महिने पुरतात. पगार चालू असताना केलेली ही चूक फार तर पन्नास हजारांची होते. राजीनाम्यानंतर तीच चूक घराच्या पैशातून भरावी लागते.

पण नोकरीत असताना विकायचं तर नेमणुकीचा करार काढून वाचा. दुसरा व्यवसाय करू नये असं कलम जवळपास प्रत्येक आयटी कंपनीत असतं. ते लपवून करू नका, कारण त्यावरून काढलं तर कार्यमुक्तीचं पत्र अडकतं. एचआरला लेखी कळवून परवानगी मागा. मसाल्याचा कंपनीच्या कामाशी संबंध नसल्याने ती मिळण्यासारखी असते. पत्नीच्या नावाने करायचं तर तिच्या शाळेचे नियमही बघा, आणि धंदा खरोखर तिनेच चालवला पाहिजे. तुम्ही तिला भांडवल बक्षीस म्हणून दिलं तर त्या भांडवलाच्या प्रमाणात नफा तुमच्या उत्पन्नात धरला जातो. व्याजावर कर्ज म्हणून, बँकेतून, लिहून द्या. कंपनीचा लॅपटॉप आणि ईमेल धंद्यासाठी कधीच वापरू नका. नोकरी सोडल्यावर स्पर्धा करायची नाही अशी कलमं भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाहीत, आणि तुमच्या बाबतीत तो प्रश्नही नाही.

परवाने पहिल्या विक्रीच्या आधी. अन्न सुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी घरच्या स्वयंपाकघरालाही लागते, शेजाऱ्याला विकलं तरी लागते. वजनकाटा वजन-मापे विभागाचा शिक्का असलेला हवा. लेबलवर घटक, हिरवा ठिपका, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, ग्रॅममागे किंमत, बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरावं, पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि एफएसएसएआय क्रमांक. यातलं काही राहिलं की दंड होतो आणि दुकानदार माल काढून टाकतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नाव नोंदवणं, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणारी हुबेहूब दिसणारी संकेतस्थळं आहेत, सांभाळा. मालाच्या धंद्यात जीएसटी ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, पण ही सवलत महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात. पणजीच्या किंवा बेळगावच्या मावशीच्या ओळखीने विकलेलं एक पाकीटसुद्धा आंतरराज्य विक्री आहे आणि त्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. किंमत मात्र पहिल्या दिवसापासून जीएसटी धरूनच ठरवा, नंतर वाढवली की गिऱ्हाईक नाराज होतं.

प्रायव्हेट लिमिटेड काढायच्या फंदात पडू नका. लेखापरीक्षण सक्तीचं, वार्षिक विवरणपत्रं उशिरा भरली तर दर फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि बंद करणं सुरू करण्यापेक्षा कठीण. एकल मालकी पुरेशी आहे. नाव मात्र आत्ताच ट्रेडमार्कला टाका, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे.

विमा या महिन्यात घ्या, राजीनाम्याची वाट पाहू नका. कंपनीचा समूह विमा नोकरीबरोबर संपतो. वडिलांचा मधुमेह आधीपासूनचा आजार धरला जाईल आणि त्यासाठी थांबण्याची मुदत, म्हणजे त्या आजाराचा दावा मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकते. पॉलिसी आज घेतली तर त्यातले सोळा महिने कंपनीच्या विम्याच्या सावलीत निघून जातात. अर्जात मधुमेह, औषधं, जुन्या तपासण्या सगळं लिहा. लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बाहेर येतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. तुमचा स्वतःचा टर्म विमाही पगाराच्या पावत्या असतानाच घ्या. कर्जाचंही असंच: पगार बंद झाला की बँक दोन-तीन वर्षांची व्यवसायाची विवरणपत्रं मागते. गृहकर्ज ओव्हरड्राफ्ट प्रकारात बदलता येत असेल तर आत्ता बदला; घराचे १० लाख ८० हजार त्यात ठेवले की व्याज वाचतं आणि लागतील तेव्हा काढता येतात. धंद्यासाठी वैयक्तिक कर्ज मात्र नको. त्याचा हप्ता पुढच्या महिन्यात सुरू होतो, मिरचीचे पैसे वर्षभरात सुटे सुटे येतात.

पुढे यंत्र घेण्याची वेळ येईल तेव्हा पीएमईजीपीसारख्या (नव्या उद्योगाला कर्जावर अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या) योजनेची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून. ती नव्या उद्योगासाठी आहे, त्यामुळे चालू धंदा दाखवला की अर्ज बाद होऊ शकतो. कोणत्या नावाने आणि केव्हा सुरू करायचं हे आधी विचारून घ्या. आणि अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकवून ठेवतात. ते भांडवलात मोजू नका.

पगारदार माणूस सगळ्यात जास्त अडखळतो ते आगाऊ करात. आजवर कंपनी कापत होती. आता १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखा तुमच्या आहेत. अनुमानित नफ्याच्या पद्धतीने, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून, कर भरलात तर एकच, १५ मार्च. मिरचीची खरेदी नेमकी मार्चात असते, म्हणून कराचे पैसे दर महिन्याला वेगळे काढा. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तोही स्वतः भरायचा. खानावळीला किंवा केटररला माल देताना लेखी मुदत घ्या. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. तक्रार लघुउद्योग मंत्रालयाच्या सरकारी पोर्टलवर करता येते. गिऱ्हाईक गमवायचं नसेल तर तक्रारीआधी उधारीची मर्यादा घाला: मागचं बिल फिटल्याशिवाय तिसरी खेप नाही.

पीएफ काढू नका. सगळ्या नोकऱ्या मिळून पाच वर्षं भरली नसतील तर काढलेल्या पैशावर कर लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते; आठ-नऊ झाली असतील तर आधी मोजा. नोटीस काळात आधार, पॅन, बँक, पीएफ सगळीकडचा मोबाइल नंबर तपासा. कंपनीचं सिम जमा केल्यावर ओटीपी तिकडेच जात राहतो आणि मग महिनाभर हेलपाटे होतात. कार्यमुक्तीचं पत्र, अनुभवाचा दाखला, शेवटच्या सहा पगारपावत्या आणि पीएफवर नोंदलेली बाहेर पडल्याची तारीख घेऊनच बाहेर पडा. जॉइनिंग किंवा रिटेन्शन बोनस परत मागण्याचं कलम असेल तर त्याची मुदत ऑक्टोबरआधी संपते का तेही बघा. संपत नसेल तर राजीनामा त्याप्रमाणे पुढे सरकवा, पण शेवटचा दिवस फेब्रुवारीच्या पुढे जाऊ देऊ नका.

आणि राजीनाम्याच्या आधी पत्नीबरोबर बसून एक कागद लिहा. दुसऱ्या हंगामानंतरच्या सप्टेंबरात महिन्याची थेट विक्री ३०० किलोच्या खाली असेल आणि घराच्या खात्यात चार महिन्यांपेक्षा कमी पैसे असतील, तर त्या महिन्यात नोकरी शोधायला सुरुवात करायची आणि मसाला शनिवार-रविवारी चालवायचा. ३०० च्या वर असेल तर यंत्राचं कोटेशन मागवायचं. दोघांनी सही करून तो कागद घराच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा.